लाल फितींच्या काठ्या

"ताई, काठ्या गायब!" वरुण धापा टाकत आला.

चिन्मयीने नाश्ता तसाच सोडला. जुलैच्या सुट्टीत ती, वरुण, बाबा आणि संजीवकाका ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून या चिमुकल्या ग्रीक बेटावर आले होते. त्यांचे जुने शेजारी स्टाव्रोस अंकल आता इथे किनाऱ्यावर खानावळ चालवत; त्यांच्याच आग्रहावरून ही सहल ठरली होती. काल कासवं जपणाऱ्या तरुणांनी वाळूत लाल फितींच्या तीन काठ्या रोवल्या होत्या. खाली समुद्री कासवाची अंडी! आता तिथे नुसतीच सपाट वाळू. कुणी छत्रीचा दांडा खुपसला तर?

"खुर्च्या मांडायला जागा कुणाला लागते, सांग!" चिन्मयी तरातरा खानावळीत शिरली. "अंकल, काठ्या तुम्हीच काढल्यात ना? शेम ऑन यू!"

भरल्या खानावळीत चमचे थांबले. अंकल तिच्यासाठीच कलिंगड कापत होते. "नो, चिन्मयी," एवढंच ते म्हणाले.

"हाऊज दॅट!" बाहेरून आरोळी आली. बाबा आणि संजीवकाका क्रिकेट खेळत होते. स्टंपना लाल फिती!

चिन्मयीचे कान तापले.

"बाबा! हे कुठून उपटलंत?"

"अगं, तिकडून कुठूनतरी. अगदी मापाचे मिळाले! का गं?"

"त्याखाली कासवाची अंडी आहेत!"

बाबांच्या हातातली बॅट खाली आली. "बाप रे... नक्की जागा नाही गं आठवत."

"ताई, तुझा कालचा सेल्फी!" वरुण ओरडला.

फोटोत काठ्या बरोब्बर खानावळीच्या निळ्या खिडकीसमोर होत्या. दोघांनी तिकडे पाहिलं. तिथेच संजीवकाका छत्री रोवायला दांडा उचलत होते!

"काका, थांबा!"

"आलोच गं, सावली करून!"

आता ऐकतील कसे? डार्विनचा माणूस एकाच शब्दाला घाबरतो.

"क्रोक! क्रोक!!" चिन्मयी किंचाळली.

छत्री टाकून काका जे सुटले, ते थेट खानावळीच्या पायऱ्यांवर!

"ग्रीसमध्ये मगर, काका? हे काय डार्विन आहे?" वरुण हसून लोळला.

काठ्या जागेवर रोवल्या गेल्या. "शाबास, चिनू!" बाबा म्हणाले. पण तिला मान वर करवेना. अंकलना कसं तोंड दाखवायचं? एकट्यात हळूच सॉरी म्हणावं? छे! आरोप तर सगळ्यांसमोर केला होता.

ती खानावळीच्या मधोमध उभी राहिली.

"स्टाव्रोस अंकलनी काही केलं नव्हतं!" ती मोठ्यांदा म्हणाली. "काठ्या माझ्या बाबांनी घेतल्या. मी न विचारता बोलले. सॉरी, अंकल."

"आणि मी न विचारता उपटल्या," मागून बाबांचा आवाज आला. त्यांचीही मान खाली होती.

अंकलनी हात पुसले. "अंडी वाचवलीस, छान केलंस. पण हे जास्त अवघड होतं, मेट," ते म्हणाले, आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

ती बसली. चेहरा अजून तापलेलाच होता.