नाथाजीची दुसरी डिस्क

कृष्णातला माणसांपेक्षा मशिनं बरी वाटत, आणि खरं सांगायचं तर मशिनंही फारशी बरी वाटत नसत. सैन्यात सिग्नलला सतरा वर्षं काढून हा उंब्रजचा गडी तासगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसला होता, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचाच; लोक त्याला मेजरच म्हणत. गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याच्यावर खेकसायचा आणि मगच मशिन उघडायचा. तरी लोक त्याच्याकडेच जात, कारण हातात घेतलेलं काम त्याने कधी अर्धं सोडलं नव्हतं. हे एक काम सोडून.

एप्रिलमधली दुपार होती. कवठे महांकाळच्या रस्त्याला यशराजचं बेदाण्याचं शेड, तिथून फोन आला. काम साधं होतं. शेडवरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्का रेडमध्ये बांधलेल्या होत्या. म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल ते जसंच्या तसं दुसरीवर उमटणार, आणि एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहणार. ती बांधणी काढून डिस्का सुट्या करायच्या आणि मशिन कोरं करून द्यायचं. तासाभरात उरकेल म्हणून कृष्णात जेवणाचा डबा दुकानातच ठेवून निघाला.

शेडचं ऑफिस म्हणजे टोकाला काढलेली पत्र्याची खोली. बाहेर बेदाण्याला गंधकाची धुरी चालली होती आणि तो वास घशात जाऊन बसत होता. आत चाळिशीला टेकलेला यशराज घाम पुसत उभा होता. दाराशी पोत्यावर त्याची म्हातारी आई, अंबूबाई, बसली होती. खोलीतली एकुलती एक खुर्ची मात्र रिकामी. यशराजचा थोरला भाऊ नाथाजी दोन महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीत बसल्या जागी गेला होता, आणि तेव्हापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. कृष्णात बसला.

"त्यात बसू नगा, मेजर," अंबूबाई हळूच म्हणाली.

"उभ्यानं कॉम्प्युटर दुरुस्त होत न्हाई, मावशी."

यशराज खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याच्या बोलण्यात दुःख नव्हतं, नुसता राग होता. "सोळा कॅमेरं लावलं व्हतं दादानं. त्यातला एक माझ्या तोंडावर. मी कवा आलो, कवा गेलो, कुणासंगं बोललो, समदं ह्या डबड्यात. आन् काय पुसलं जाऊ नये म्हणून डबल! त्येचा एकावर भरवसाच नव्हता. पंधरा वर्षं मी त्याच्या नजरंखाली घास गिळलाय मेजर. आता मला मोकळं करा."

"मशिन मोकळं करतो. तुमचं तुमी बघा," कृष्णात म्हणाला आणि कामाला लागला.

मशिन चालू होतानाच रेडची यादी पडद्यावर आली. एक सेट, नाव 'नाथाजी', आत दोन डिस्का, दोन्ही ठीक. कृष्णातने सेट पुसला. खरंच पुसायचा का, असं मशिनने विचारलं. त्याने हो म्हटलं. मशिन बंद करून चालू केलं. एक सेट, नाव 'नाथाजी', दोन डिस्का, दोन्ही ठीक.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक डिस्कच्या अगदी शेवटी एक खूण लिहिलेली असते, तिच्यात आपला नंबर असतो आणि जोडीदाराचाही. वरवर पुसलं तर ती खूण राहते आणि दोघी एकमेकींना पुन्हा ओळखतात. हे चिवट दुखणं कृष्णातने ढिगाने पाहिलं होतं. त्याने खिशातला पेनड्राईव्ह लावला, दोन्ही डिस्कांची शेपटं शून्यांनी भरून काढली, भरली गेल्याची खात्री करून घेतली आणि मशिन पुन्हा चालू केलं.

एक सेट. नाव 'नाथाजी'. दोन्ही ठीक.

"हे कसलं मशिन आहे?" कृष्णात खेकसला, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"व्हायचं न्हाई त्ये," अंबूबाई पोत्यावरून म्हणाली. "ह्यानं शब्द दिलाय."

"आये, गप बस!"

"का गप बसू? मेजर, दहाव्याला अग्रणी नदीच्या पात्रात पिंड ठिवला. अकरा वाजल्यापास्नं कावळा शिवंना. आईला बघू म्हणलं, शेड चालवू म्हणलं, न्हाई शिवला. दोन वाजलं. मग ह्यो उठला आन् म्हणला, दादा, तुझं मशिन हाय तसं ठिवीन, हात लावणार न्हाई. बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर."

"उन्हात चक्कर याय लागलीती!" यशराज ओरडला. "समद्यास्नी भुका लागल्यावत्या. बोललो कायतरी! मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

कृष्णातला त्याचा संताप आला. त्याच्या गावात दहाव्याला दिलेला शब्द कोर्टातल्या सहीपेक्षा मोठा. हे आधी सांगितलं असतं तर तो आलाच नसता. पण काम अर्धं सोडायची सवय नव्हती, आणि एका डबड्यापुढे हार मानायची तर मुळीच नव्हती. त्याने झाकण काढलं, दुसऱ्या डिस्कची वायर उपटली आणि डिस्क काढून टेबलावर ठेवली. आता एकीला जोडीदारच नाही म्हटल्यावर सेट मोडणारच.

पहिली ठीक, दुसरी गायब, असं पडद्यावर आलं. कृष्णातने सुस्कारा सोडला. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली. दुसरी सापडली. भरणे चालू. तीन टक्के.

वायर तर मोकळी लोंबत होती.

"मेजर…" यशराज म्हणाला. "ह्ये कशात भरतंय?"

बारा टक्के. एकोणीस. कृष्णातने बटण दाबलं, मशिन बंद होईना. तो उठून भिंतीपाशी गेला आणि प्लग ओढून खोलीचा मेन स्विचच पाडला. पंखा थांबला, ट्यूब विझली, पण पडदा तसाच पांढरा राहिला. चौतीस टक्के. मागे खुर्ची करकरली. यशराज तिच्यात बसला होता. बसलो हे त्याला कळलं होतं का कोण जाणे.

"मेजर… मला माझ्या लेकीचं नाव आठवंना."

"राणी रं!" अंबूबाई धडपडत उठली. "राणी! तुझी राणी!"

"राणी," यशराज म्हणाला. "राणी. राणी." पाठ केल्यासारखा तो म्हणत राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं. कृष्णातने गुडघ्यावर बसून पहिली डिस्कही उपटली. आता त्या डबड्यात काही लिहायला नव्हतं आणि वाचायलाही नव्हतं. एकाहत्तर टक्के.

"थांबवा की वो… मी न्हाई हात लावत. लावा माघारी डिस्का… दादा, न्हाई लावत हात…"

कृष्णात वायरी पुन्हा जोडू लागला. त्या बसेचनात. मागे "राणी, राणी" चाललेलं हळू होत गेलं. मग नुसतं "रा" राहिलं, आणि मग तेही थांबलं.

शंभर टक्के.

खुर्चीतला माणूस ताठ बसला. त्याने गालावरचं पाणी बोटाने टिपलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं पाहिलं आणि विजारीला पुसलं. मग दाराकडे न बघता शांतपणे म्हणाला, "आये, च्या टाक."

अंबूबाईने पुढे होऊन कृष्णातची बाही धरली. "मेजर… उलटं करता येतंय का? धाकट्याचं परत…"

कृष्णातला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "ज्याच्यावर लिहिलं जातं, त्याचं आधीचं ऱ्हात न्हाई, मावशी."

म्हातारीने खुर्चीकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी चुरगळला, मग हळूहळू सैल पडला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी तिला हक्काने चहा मागितला होता. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "एक तरी पोरगं हाय." पदर डोक्यावर घेऊन ती कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवायला गेली. त्या खोलीत कृष्णातला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती तिचीच.

त्याने हत्यारं पिशवीत कोंबली. निघताना नको असूनही नजर पडद्यावर गेली. दुसरी ठीक, असं लिहिलं होतं. पहिली गायब.

"मेजर." मागून आवाज आला, हुकूम सोडल्यासारखा. "पूर्ण नाव सांगा."

सतरा वर्षांची सवय माणसाच्या हाडात मुरते. त्या आवाजाला कृष्णातच्या टाचा आपोआप जुळल्या, छाती पुढे आली, आणि त्याने खाडकन आपला फौजेतला नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, नाव सांगितलं. तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की नंबरसुद्धा सांगितला.

स्टोव्हपाशी बसलेल्या अंबूबाईच्या हातातली काडी विझली. "कशाला सांगितलंसा बाबा…" ती पुटपुटली.

कीबोर्ड वाजू लागला. एकेक अंक, सावकाश, न चुकता. कृष्णातने वळून पाहिलं. पडद्यावर 'पहिली'च्या पुढे त्याचाच फौजेतला नंबर उमटत होता. खुर्चीतल्या माणसाचे दोन्ही हात मांडीवर होते.