लाखावर तीन वाती

दोन येळा हर्षालीचं पोर पोटातच गेलं, तवा तिची चुलत आजी दैवशाला हिनं सोनारीच्या भैरोबाला लाखवाती बोलल्या. अर्ध्या वळल्या आन् म्हातारी गेली. उरलेल्या वळायला तिची जाऊ तुळजाबाई बसली. बाई अशी हट्टी, की पुढ्यातला चहा गार व्हायचा, पण मांडीवरचा कापूस थांबायचा न्हाय.

घरची रीत अशी, की पाच सवाष्णींनी वाती सारख्या वाटून घ्यायच्या आन् लावायच्या. एक बी उरली तर नवस लागू न्हाय.

शंभराच्या जुड्या बांधून झाल्या, तर टोपलीत तीन वाती सुट्या. तुळजाबाईनं त्या देवापुढं जाळल्या. सकाळी टोपलीत पुन्हा तीन.

हर्षाली कालेजात गणित शिकवायची. तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले, म्हणून माहेरी आलेली. ती हसली. "आजी, मोजताना पयल्या वातीला एक न म्हणता तुमी ‘लाभ’ म्हणता, मग परत एकापासनं धरत असाल."

"तू मोज की मग, शहाणे!"

हर्षालीनं सगळ्या जुड्या सोडून मोजल्या. लाखावर तीन.

"सात सवाष्णी बोलवू," तुळजाबाई म्हणली.

"एक उरंल."

"अकरा?"

"दोन उरत्याल. मूळ संख्या हाय ही, आजी. एकेक वाटायला लाखावर तीन बाया आणा, न्हायतर सगळ्या एकीलाच द्या. तिसरी वाट न्हाय."

तुळजाबाईनं सुट्या वाती उन्हात धरल्या. पीळ उलटा. घरात डाव्या हातानं वळणारी एकच होती.

"जितेपणी शेंगाचटणी बी कुणाला वाटून दिली न्हाईस गं, दैवशाला," ती पुटपुटली.

हर्षाली आता हसली न्हाय. पोटावर हात ठेवून बसली.

"सवाष्णी नकोत," तुळजाबाई म्हणली. "मला पोर जगवायचंय."

दिवेलागणीला सोनारीत तिनं सगळ्या वाती एकाच परातीत ठेवल्या, तुपानं भिजवल्या आन् एकटीनं काडी लावली.

"घे. सगळ्या तुझ्या. पोर मातर आमचं."

जाळ उठला. देवळावरची माकडं गप झाली.

वारा नव्हता. जाळ डावीकडं झुकला.

एक बी वात उरली न्हाय.

पोरगी झाली. ठणठणीत.

बारशाला तुळजाबाई कानात नाव सांगायला वाकली. पोरीची उजवी मूठ मोकळी, डावी घट्ट. तिनं एकेक बोट सोडवलं.

तीन वाती. पीळ उलटा.

टोकं काळी, आन् अजून कोमट.