परदेशी पाहुणी, पत्ता बाभुळगाव

बाभुळगावातल्या ताडपत्रीच्या दुकानात एक माणूस लंगडी घालत शिरला, तिथूनच सगळं सुरू झालं.

उजवा बूट पायात, डावा हातात. डाव्याचा तळ असा लोंबत होता, जशी उन्हात दमलेल्या कुत्र्याची जीभ. गळ्यात दुर्बीण, कमरेले टॉर्च, पाठीवर बॅग अन् बॅगेचा एक पट्टा दोरीनं गाठ मारलेला. पाहणाऱ्याले वाटावं, हा बाप्पा हिमालयाले निघाला होता अन् कापसाच्या गाड्यांमागं चालत चालत इकडंच आला.

"सुतळी भेटंल काय?" त्यानं विचारलं.

गल्ल्यामागून रुबीनानं मान वर केली. "काय बांधता? बूट का बैल?"

"बूटच हाय." तो जरासा अवघडला. "पण परदेशी हाय... जरा इज्जतीनं बोला."

रुबीनाले हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते तिचं तिलेच आठवेना.

दुकान तिच्या अब्बांचं, जफरमियांचं. ताडपत्री, गमबूट, रेनकोट, टॉर्च, दोरखंड... वावरात अन् रानात लागते ते सारं. अब्बा असताना जूनमध्ये अशी गर्दी उसळे का गिऱ्हाइकांले आत घ्यायले आधी आतल्यांले मागच्या दारानं काढावं लागे. दोन वर्षं झाली, अब्बा गेले. आता लोक येत, टॉर्च हातात घेत, चालू-बंद करून पाहत, मोबाइलवर टॉर्चचा फोटो काढत अन् घरी जाऊन बसल्या जागी मागवत. पाहाले रुबीनाचं दुकान, घ्यायले मोबाइल.

दुपारी चहा मांडला का तिचा हात अजून दोन कप काढे. मंग दुसरा कप फळीवर परत जाई. त्या कपाचा जो 'टक' आवाज होई ना... साऱ्या दुकानात दिवसभर त्याच्याएवढा मोठा आवाज दुसरा नसे.

नागपूरचा भाऊ अय्याज दर रविवारी फोन करून एकच सांगे, का बस झालं आता, दुकान मोबाइलवाल्याले भाड्यानं देऊ, तू इकडं ये, मुलांले उर्दू शिकव. तिनं शेवटी जानेवारी अखेरचा वायदा केला होता. भाऊ वाईट नव्हता. पण त्याच्या घरी तिच्यासाठी जी खोली ठरली होती, तिथं धुण्याची मशीन ठेवलेली होती.

तर बूट. सुतळी काही तिनं दिली नाही. बूट हातातून घेतला, आरी काढली, मेणाचा दोरा ओढला अन् शिवाले बसली. लंगडीवाला स्टुलावर टेकला. त्याचं नाव फैज. हाय टेन्शन लाइनचा पहारेकरी. एका टॉवरपासून दुसऱ्या टॉवरपर्यंत दिवसभर पायी जायचं अन् पाहायचं, का तारेवर झाड टेकलं काय, मांजा अडकला काय, टॉवरचं लोखंड कोणी सोडवलं काय. हा इतका चालला होता म्हणे, का सरळ रेषेत चालला असता तर आतापर्यंत दोनदा मक्केले जाऊन आला असता.

"गावातल्या दुकानात बूट भेटत नाहीत काय?" रुबीनानं खाली मान घालूनच विचारलं.

"यवतमाळात तीन दुकानं पाह्यली. बूट मागतले तर लग्नात घालायचे दाखवले. बॅग मागतली तर शाळेचं दप्तर दाखवलं. त्याच्यावर मांजराचं चित्र होतं." तो म्हणाला, "मंग बाहेरून मागवलं. बावीस दिवस जहाजात होते हे बूट."

"बावीस दिवस पाण्यावर, अन् मोडले आमच्या कापसाच्या वावरातल्या ढेकळात." तिनं दोरा दातानं तोडला. "तिथल्या दुकानदारानं तुमचा पाय पाह्यला होता काय?"

"नाही..."

"तेच तर."

तरी खोटं कायले बोला, बुटाची वरची शिलाई तिनं बोटांनी चाचपली अन् मनात म्हणाली, हात चांगला होता कोणाचा तरी. फैज तिच्या बोटांकडेच पाहत होता. ते तिले दिसलं. तिनं दिसू दिलं नाही.

त्या दिवशी दुसरा कप फळीवर परत गेला नाही.

मंग तो दर आठवडी बाजारी येऊ लागला. बॅगेचा पट्टा तुटलेला घेऊन. ती शिवे, तो चहा पिऊन जाई, पुढच्या बाजारी पट्टा पुन्हा तुटलेला. येताना हात रिकामे नसत. लाइनखालच्या शेतकऱ्यांनी दिलेलं काहीबाही तो आणे. आधी सीताफळं आली, मंग बोरं आली. तो टॉवरांच्या गोष्टी सांगे. एकशे सत्तेचाळीस नंबरचा टॉवर म्हणे स्वभावानं चांगला, त्याच्या बुडाशी टिटवीनं अंडी घातलती. एकशे बावन्न मात्र खडूस.

"टॉवरांशी बोलता काय तुम्ही?"

"दिवसभर दुसरं कोण असते?" तो सहज बोलला. रुबीनानं त्याच्या कपात अजून चहा ओतला.

एका बाजारी त्यानं सांगतलं, का आता हा पट्टा पुरे, तो बाहेरून नवी बॅग मागवणार हाय, जर्मनीची. फक्त अडचण एक होती. दर चार-सहा महिन्यांनी त्याची खोली बदले अन् दिवसा खोलीवर कोणी नसे. पार्सल घेणार कोण?

"इथला पत्ता देऊ काय... तुमच्या दुकानाचा?"

नवी बॅग आली का हा माणूस यायचा बंद होणार, हे रुबीनाले तेव्हाच कळलं. दोन अधिक दोन एवढं सोपं होतं ते. तरी ती म्हणाली, "द्या की. दुकान हाय, पार्सल काय अन् पोतं काय."

तिथून त्या बॅगेचं नाव पडलं पाहुणी. दर बाजारी रुबीना शिलाई मशीनवरून विचारे, "पाहुणी कुठवर आली?" अन् फैज मोबाइल काढून सांगे. निघाली. दुबईत थांबली. मुंबईले उतरली. मुंबईत तपासणीत अडकली ती अडकलीच.

"लय नखरे हायेत तुमच्या पाहुणीचे," रुबीना म्हणे.

"दुरून येऊन राह्यली ना... तयारीले वेळ लागते."

"दिसाले बरी हाय काय?"

"फोटोत तर बरी हाय." तो हळूच बोले. "पण शिवता येत नाही तिले काही."

ती मान खाली घालून मशीन अशी जोरात चालवे, का पट्ट्यावर पट्ट्यापेक्षा दोराच जास्त झाला होता. मनात मात्र दुआ करे, का ते तपासणीवाले अजून तपासोत, कप्पा न् कप्पा तपासोत, वर्षभर तपासोत.

दुआ काही पोचली नाही. डिसेंबरात एका सकाळी कुरिअरवाला रामलाल आला. त्यानं खोकं तिच्या हातात दिलं, सही घेतली, मोबाइल वर धरला अन् फोटो काढला. रामलालची ही रीतच. ती कायले, म्हणून रुबीनानं कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तर तिच्या कपाळावर अशी आठी होती, जशी हातात खोकं नाही, सवत दिली कोणी.

तिनं खोकं उचललं अन् मागं, हिरव्या ताडपत्रीच्या गुंडाळ्यांआड सरकवलं. फोडलं नाही. इमान तेवढं राखलं. तिच्या अब्बांनी उभ्या जन्मात कोणाचा एक बक्कल ठेवून घेतला नव्हता, अन् ही आख्खी बॅग दाबून बसली.

बाजार आला. फैजनं हरभऱ्याची जुडी टेबलावर ठेवली. "आली काय पाहुणी?"

"नाही..." रुबीना म्हणाली.

"बरं," तो म्हणाला अन् तुटका पट्टा पुढं केला.

असे किती बाजार गेले म्हणता? पाच. दर वेळी तो विचारे, ती नाही म्हणे, अन् तो गेला का ताडपत्रीमागचं खोकं तिच्या पाठीवर बसल्यासारखं वाटे. ती नमाज पढे तेव्हाही मन खोक्याकडे. बरं, सांगावं तर चोरी उघडी पडते, अन् शिवाय तो यायचा बंद होतो. न सांगावं तर तो माणूस तुटक्या पट्ट्याची बॅग एका खांद्यावर घेऊन दहा-दहा मैल चालतो. एकदा तिनं पाह्यलं, त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली झाला होता. त्या दिवशी तिले जेवण गेलं नाही.

जानेवारीचा शेवटचा बाजार. आभाळ सकाळपासून भरून आलतं, दुपारी बारीक झिमझिम सुरू झाली. अवकाळीच. लोकांनी कापूस झाकाले धावपळ केली अन् रुबीनाच्या चार ताडपत्र्या एका तासात खपल्या. सहा महिन्यांत खपल्या नव्हत्या तेवढ्या. ती बाहेर आली अन् अब्बांच्या नावाच्या पाटीकडे पाह्यलं. पाटी भिंतीले टेकवून खाली ठेवलेली होती. कालच उतरवलती. परवा अय्याज गाडी घेऊन येणार होता.

फैज आला. हातात तुरीच्या ओल्या शेंगा, केसांतून पाणी गळत होतं. पट्टा तुटलेलाच होता, पण त्यानं तो पुढं केला नाही. उभ्या उभ्याच सांगतलं, का बदली झाली, परवापासून ढाणकीकडची लाइन हाय. आता बाजाराले येणं होणार नाही.

मंग तो थांबला. दारावरच्या पत्र्यावर पाऊस टपटपत होता. "पाहुणी... आली काय?"

रुबीना वळली. मागं गेली, गुंडाळ्या सरकवल्या अन् धूळ बसलेलं खोकं आणून त्याच्यापुढं ठेवलं.

"पाच आठवडे झाले आली," ती म्हणाली. "मी लपवलती. काहून ते... विचारू नका. घ्या अन् जा. दोन पट्टे धड असलेली बॅग घेऊन जा."

तिले वाटलं, आता हा रागावंल. निदान नवल तरी करंल. फैजनं खिशातून मोबाइल काढला, ओल्या बोटानं दोनदा घसरवला अन् तिच्यापुढं धरला.

मोबाइलवर रुबीनाच होती. हातात खोकं, कपाळावर आठी, ओढणी एका कानावरून घसरलेली.

"पार्सल दिलं का रामलाल फोटो काढते अन् तो मागवणाऱ्याकडे येते," तो म्हणाला. "त्याच दिवशी आला. मी एकशे सत्तेचाळीस नंबरखाली बसून डबा खाऊन राह्यलो होतो."

"म्हणजे... तुम्हाले माहीत होतं? पाची बाजार?"

"पाची."

"मंग विचारत काहून होते?" तिचा आवाज चढला. लाज अन् राग असे एकात एक कालवले गेलते, का कोणतं कोणतं ते कळेना.

"तुम्ही नाही म्हणता तवा तुमचे कान लाल होतात." तो बुटाकडे पाहत बोलला. "अन् जोवर तुम्ही नाही म्हणता... तोवर मले यायले भेटते."

झालं. रुबीनानं कानावरून ओढणी ओढली. उशीरच झाला होता.

"काही फायदा नाही," ती हळू बोलली. "तुम्ही ढाणकीले, मी नागपूरले. दुकान बंद होऊन राह्यलं. पाटी पाह्यली नाही काय, उतरवली."

फैजनं दाराबाहेर पाह्यलं. भिजणारी पाटी त्याले आता दिसली. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो मोबाइलशी चाळा करत राह्यला. मंग पुन्हा तिच्यापुढं धरला. या वेळी त्यावर पत्ता होता. त्याचं नाव, खाली जफर ताडपत्री दुकान, बाजार रस्ता, बाभुळगाव. अन् वर एका चौकटीत एक शब्द.

घर.

"पत्ता टाकला का हा विचारते, कशाचा पत्ता म्हणून. ऑफिस, घर, का दुसरं काही," तो म्हणाला. "अकरा खोल्या केल्या मी आजवर. घर कधी दाबलं नव्हतं... या खेपेस बोट आपसूकच गेलं. आता दुकान बंद होणार तर हे पुसावं लागंल." त्यानं मान वर केली. "पुसू काय, रुबीना?"

पाऊस तेवढ्यात थांबला, असं बाभुळगावात सांगतात. खरं तर थांबला नाही. फक्त त्या दोघांले ऐकू येणं बंद झालं.

रुबीना गल्ल्यामागून बाहेर आली. स्टूल उचललं अन् दारासमोर ठेवलं. "पुसायचं मंग पाहू," ती म्हणाली. "आधी ती पाटी उचला. भिजून राह्यली. मी स्टूल धरते."

तो चढला, तिनं स्टूल धरलं. पाटी ठोकताना त्यानं वरूनच सांगतलं, का ईदनंतर त्याचे मामू अय्याजभाईंशी बोलाले येतील. तिनं सांगतलं, का पाटी डावीकडं कलली. दोघांच्याही बोलण्याचा अर्थ एकच होता.

नवी बॅग त्यानं नेली नाही. तुटक्या पट्ट्याचीच खांद्यावर टाकली अन् ढाणकीच्या गाडीत बसला. अय्याजले तिनं फोनवर एवढंच सांगतलं, का मोबाइलवाल्याले दुसरं दुकान पाहाले लाव.

मंग पुन्हा तेच दुकान, तीच दुपार. बाजार आला अन् गेला, कोणी आलं नाही. दुसरा कप फळीवर परत गेला. टक. आवाज तसाच मोठा होता. पण आता त्याच्यात थोडा धीर होता.

दहाव्या दिवशी रामलाल आला. हातात लहानसं पाकीट, अन् चेहऱ्यावर पेच.

"बाई, हे काही समजून नाही राह्यलं," तो म्हणाला. "घेणाऱ्याचा पत्ता हा, अन् पाठवणाऱ्याचा बी हाच. तुम्ही घेतलं नाही तर मी परत कुठं पाठवू?"

"मी घेते की," रुबीना म्हणाली.

तिनं पाकीट फोडलं. आत बॅगेचा पट्टा होता, तिनं चौदा वेळा शिवलेला. तिची शिलाई जशीच्या तशी होती. एक टाका हलला नव्हता. पट्टा तुटला होता तो शिलाईच्या बाजूले, अन् असा सरळ, असा साफ, जसा ब्लेडनं कापावा.

रुबीना त्या कापाकडे पाहत राह्यली. चौदा बाजार. चौदा वेळा. कान पुन्हा लाल झाले.

"जरा इकडं पाहा," रामलालनं मोबाइल वर धरला. "फोटो लागते. पाठवणाऱ्याले जाते तो."

"थांबा," रुबीना म्हणाली.

तिनं ओढणी सारखी केली. केसांची एक बट आत खोचली, मंग काही मनात आलं अन् पुन्हा बाहेर काढली. पट्टा दोन्ही हातांत धरला अन् सरळ मोबाइलच्या डोळ्यात पाह्यलं.

"हां," ती म्हणाली. "आता काढा."