खोटा खोकला

दिघ्यातल्या बालरोग दवाखान्याच्या दारातच शेजारच्या राजाकाकू भेटल्या. "काय गं मंजू, भाचीला काय झालं?"

"खोकला!" माझ्या तोंडून निघून गेलं. मागे डॉक्टर हरेश उभे होते.

आत त्यांनी सुनयनाची छाती तपासली आणि माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसले. "छाती साफ आहे… खोकला नक्की कोणाला?"

मेलं, पहिल्याच भेटीत चोरी पकडली गेली! पण मला रडूच आलं. शाळेची वेळ झाली की सुनयना पोट धरून ओकायची. दृष्ट काढून झाली, जंताचं औषध पाजून झालं.

"शाळेतल्या बाई म्हणतात, मनाच्या डॉक्टरकडे न्या. पण चाळीत कळलं, तर पोरीला वेडी ठरवतील हो!"

"आमी हाय ना!" डॉक्टर खाडीकाठच्या गावातले, मायेनं बोलले की बोली बाहेर पडायची. "भीती पन मुलांनाच वाटते ना? मंग ते मुलांच्या डॉक्टरचंच काम. मी शिकलोय ते. अडलंच, तर वाशीला मनाच्या डॉक्टर मॅडम हायेत, त्यांना फोन करीन."

मग दर गुरुवारी आम्ही सर्दी-तापाच्या पोरांमध्ये बसायचो. डॉक्टर सुनयनाला भीतीचं चित्र काढायला लावायचे, शाळेतल्या बाईंशीही बोलले. मी मात्र… त्यांच्याकडेच बघत बसायचे. राजाकाकू बिचाऱ्या खोकल्यासाठी अडुळशाचा काढा पाठवायच्या.

"तो तुमी प्या," डॉक्टर म्हणायचे. "खोटं तुमी बोललात!"

प्यायले की! कडू जहर.

एका सकाळी सुनयना आपणहून दप्तर अडकवून निघाली. वळूनही पाहिलं नाही तिनं. मी दारात उभी राहून पोटभर रडले. सुटलो बाई एकदाचे!

पण त्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "आता यायची गरज नाही."

"मग… मी खोकत येऊ?"

"दवाखान्यात नको." त्यांचे कान लाल झाले होते. "घरी चला… आईला भेटायला. तुम्ही मला आवडता, मंजुषा. सुनयनाचे उपचार चालू होते, म्हणून थांबलो होतो."

मी तोंड उघडणार, तोच दार ढकलून राजाकाकू आत आल्या, नातीचा हात धरून.

"डॉक्टर, ही बी शाळंला जायाला घाबरती. सुनयनावानी बरी करा."

मी विचारलं, "काकू, तुम्हाला ठाऊक होतं?"

"भिंतीपल्याड ऱ्हाते मी. खोकला कदी ऐकूच आला न्हाई! काढा आपला तुजी लाज राखाया धाडायचे."

बाहेरच्या बायांनी माना वळवल्या. काकूंना पर्वाच नव्हती. त्या एवढं खरं बोलल्या, मग मी कशाला लाजू? उघड्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"हो डॉक्टर, येते मी तुमच्या आईला भेटायला!"