उणे चोवीस पूर्णांक सहा

शाळेतर्फे हवामान चौकीला फोन करायचं काम कामशातच्या गळ्यात पडलं ते विज्ञानाच्या बाई बर्फावर घसरून पाय मोडून बसल्या म्हणून. एरवी शहरातून आलेल्या नव्या शिक्षिकेला पहाटे साडेसहाला कोण उठवणार होतं!

"शाळेतर्फे बोलतेय... आज किती?"

"उणे एकोणीस."

"नक्की?"

"मी खिडकीतून नाही बघत. बाहेर जाऊन बघतो."

"मग चिडताय कशाला?"

"चिडलो नाही हो... दात वाजतायत."

कामशात खुदकन हसली. पहाटे साडेसहाला आपण हसू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

नियम साधा होता. पारा उणे पंचवीसला पोचला तर पहिली ते चौथीला सुट्टी. त्याच्या वर असला की शाळा भरणार, मुलं साडेआठच्या आत वर्गात हवीत, आणि न आलेल्याची, उशिरा आलेल्याचीही गैरहजेरी लागणार. विनाकारण तीन गैरहजेऱ्या झाल्या की घरच्यांना शाळेत बोलावणं जाई आणि सगळ्या पालकांपुढे उभं राहून खुलासा द्यावा लागे. त्यामुळे टेकडीवरच्या चौकीतला दौलेत म्हणजे गावाच्या दृष्टीनं पक्का कंजूष. देवानं थंडी सढळ हातानं दिली, याच्या हातून मात्र एक अंश सुटत नाही, असं आया म्हणत.

कामशातने त्याला पाहिलं नव्हतं. आवाज तेवढा ओळखीचा झाला होता. "उणे बावीस" म्हणताना तो जरा थांबायचा... मागे किटली खदखदत असायची... मग ती विचारायची, "चहा झाला?" आणि तो म्हणायचा, "तुमचा फोन झाला की घेतो."

ती जिच्याकडे राहायची ती जमाल-आपाय शाळेत घंटा वाजवायची आणि दारात उभी राहून उशिरा येणारी पोरं टिपायची. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"पोरी, तापमान सांगायला किती वेळ लागतो गं?"

"एक मिनिट."

"मग आज अकरा मिनिटं काय, वाऱ्याची दिशा ठरवत होतात?"

कामशातने पाव तोंडात कोंबला.

जानेवारीत मात्र बिनसलं. दुसरीतली नुराय लांबच्या घोड्यांच्या फार्मवरून यायची. आई कामासाठी परदेशी, बाप एकटा, त्यात शिंगरांच्या आजारपणात अडकलेला. पोरीच्या नावावर दोन गैरहजेऱ्या होत्या. तिसरी लागली की तो लाजाळू माणूस सगळ्यांपुढे उभा राहणार आणि मग नुरायला शहरातल्या वसतिगृहात धाडून मोकळा होणार, हे कामशातला दिसत होतं. सात वर्षांची पोर! त्या दिवशी आजारी शिंगरं सोडून बाप तिला आणू शकणार नव्हता, म्हणून पहाटे तिनं आशेनं फोन लावला.

"उणे चोवीस पूर्णांक सहा."

"म्हणजे... पंचवीसच की."

"चोवीस पूर्णांक सहा."

"दौलेत, ऐका तरी..." तिनं सगळं सांगितलं. "चार दशांशांनी तुमचं काय जातंय?"

पलीकडे त्यानं किटली खाली उतरवली.

"कामशात, आया माझ्या आकड्यावर पोरांना बाहेर काढतात. मला शिव्या देतात, पण काढतात. आज मी पंचवीस म्हटलं, तर उद्या खऱ्या तिसाला त्यांना वाटेल, ह्याचा काय भरवसा, बावीसच असेल, आणि पोरांना बाहेर धाडतील."

"तुमच्यात मन नावाचं काही आहे की नुसता पारा?" असं म्हणून तिनं फोन आपटला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं रागाच्या नावावर खपवलं.

साडेआठला पाच मिनिटं कमी असताना तिनं हजेरीची वही उघडली. तेवढ्यात फाटकापाशी घुंगरं वाजली. एक घसरगाडी, तिच्यात लोकरीच्या नमद्याचं मोठं गाठोडं, आणि गाठोड्यातून बाहेर आलेलं नुरायचं लाल नाक. लगाम धरून एक उंच तरुण उभा होता. भुवया, पापण्या, मिशा... सगळं पांढरं.

"वेळेत आहे ना?" तो म्हणाला.

तो आवाज! कामशात वही घेऊन तशीच उभी राहिली.

"तुम्ही... फार्मपर्यंत गेलात?"

"आकडा हलत नाही. माणूस हलू शकतो." तो लाजला की थंडीनं लाल झाला होता, कोण जाणे. "निघतो. नऊची नोंद घ्यायचीय."

"चहा तरी..."

"नऊची नोंद, आपाय," वर्गातली मुलं बाईंना हाक मारतात तसं तो म्हणाला आणि घोडा वळवला.

त्या दिवशी हजेरी घेताना ती नुरायपाशी आली. "हजर!" नुराय ओरडली, आणि कामशातला उगीचच भरून आलं.

मग थंडीच्या दिवसांत नुराय त्याच घसरगाडीतून यायला लागली. कामशातही हातमोजे विसरून फाटकाशी धावायची. तो तिचे उघडे हात बघायचा, काही बोलायचा नाही, आणि आपले मोजे काढून फाटकाच्या खांबावर ठेवून जायचा. दुसऱ्या दिवशी ती परत करायची, पुन्हा हात उघडेच!

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. सारं गाव आनंदलं, दोन माणसं सोडून. फोन करायला कारणच उरलं नाही. एकदा तिनं उगीच फोन केला.

"आज किती?"

"अधिक सात."

"बरं... म्हणजे शाळा आहे."

"आहे."

तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही. जे यंत्रावर दिसत नाही ते ह्या माणसाला बोलताच येत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. शरदातल्या पहिल्या थंडीत तिनं बदलीचा अर्ज केला होता; मे महिन्यात मंजुरी आली.

"जाऊ नकोस," जमाल-आपाय म्हणाली. "तुझ्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही, मुख्याध्यापिका हात जोडतेय."

"थांबायला कुणी सांगितलंय का मला?"

"मी सांगतेय की!"

"तुम्ही नाही हो..."

शाळेचं वर्ष संपल्याची शेवटची घंटा झाल्यावर चार दिवसांनी, आठच्या गाडीनं ती निघणार होती. बॅगा दाराशी होत्या. बाहेर माळ हिरवागार, चंडोल नुसते गात सुटलेले. साडेसहाला फोन वाजला. आजवर नेहमी तिनं केला होता, त्यानं कधीच नाही.

"आजचं... तापमान कळवायचं होतं."

"बोला."

"उणे बेचाळीस."

ती उघड्या खिडकीत अनवाणी उभी होती. खाली जमाल-आपाय बिनबाह्यांच्या झग्यात बटाट्याला पाणी घालत होती.

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं. वादळ आहे. रस्ता बंद. आठची गाडी... जाणार नाही."

चार दशांश न सोडणारा माणूस!

"वहीत काय लिहिलंत?"

"वहीत अधिक अकरा." तो थांबला. "खोटं फक्त तुमच्याशी बोलतोय. पहिल्यांदाच. नीट जमत नाहीये."

"मग खरं सांगा."

"खरं... तुम्ही जाऊ नका. नोव्हेंबरपासून सांगायचं होतं. मला फार उशीर झाला, कामशात."

तिनं डोळे पुसले आणि वर्गातला आवाज काढला.

"उशीर झाल्यावर काय करतात, नियम माहीत आहे ना? घरच्यांना बोलावतात. आज आईला घेऊन या."

पलीकडे काहीतरी खणकन पडलं. बहुधा किटली.

"कानातले... घेऊन येऊ म्हणू का तिला?" त्यानं हळूच विचारलं. मुलाकडच्यांनी कानातले आणले की सोयरीक पक्की समजायची, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं.

"ते त्यांच्या मर्जीवर. पण लगेच या."

"लगेच नाही जमणार."

"का?"

"नऊची नोंद."

कामशात हसत सुटली. हसता हसता रडली. याच माणसावर तर तिचं मन बसलं होतं.

आठची गाडी दोनदा भोंगा वाजवून निघून गेली. सव्वानऊला धूळ उडवत मोटरसायकल आली. तिच्या बाजूला जोडलेल्या गाडीत त्याची आई, मांडीवर एक छोटी डबी घट्ट धरून. जमाल-आपाय सवयीनं दारात उभी राहिली आणि घड्याळ बघू लागली.

दौलेत पायरीपाशी थबकला. कामशातने त्याच्याकडे पाहिलं आणि हजेरी घेतात तसं त्याचं नाव घेतलं.

"दौलेत?"

"हजर," तो म्हणाला.