तोंडी पुसायची नाही

नांदेडात समुद्र नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी पंचवीस वर्षांपूर्वी देगलूरच्या चन्नबसप्पांनी आपल्या मंडळाचं नाव ठेवलं 'सागरतळ स्कुबा मंडळ'. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. सामान म्हणजे हवेची एक जुनी टाकी आणि ठिगळं लावलेला रबरी पोशाख. काम म्हणाल तर नदीत, विहिरीत, खदानीत बुडालेली माणसं वर काढायचं. रंगीत मासे या मंडळींनी फक्त कॅलेंडरवर पाहिले.

यंदा पंचविशीची स्मरणिका निघणार होती आणि मंडळाचा इतिहास लिहिण्याचं लोढणं रेवणसिद्धच्या गळ्यात पडलं. बावन्न वर्षांचा रेवणसिद्ध मंडळातला सगळ्यांत जुना पाणबुड्या. चन्नबसप्पा वारल्यापासून जुन्या गोष्टी त्याच्याशिवाय कुणाला सांगता येत नव्हत्या. त्यानं चार पानं लिहिली, ती चारही तोंडीवरच गेली.

टाकीच्या नळीच्या टोकाला दातांत धरायचं रबर असतं, त्याला मंडळात तोंडी म्हणतात. सुरुवातीला टाकी एक आणि उतरणारे दोघं. खाली डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. जोडीदारानं खांद्यावर दोनदा थापटलं, की आपल्या तोंडातली तोंडी काढून त्याला द्यायची. दोन श्वास घेऊन त्यानं ती परत करायची. एकदा एका खदानीत एक जण घाबरला आणि त्यानं तोंडी परत दिलीच नाही. त्याचा जोडीदार देविदास तिथंच गुदमरून मेला. त्या दिवसापासून चन्नबसप्पांनी नेम घालून दिला. खाली हवा मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि तोंडी पुसायची नाही. पुसली म्हणजे जोडीदारावर अविश्वास.

पुढं टाक्या दोन झाल्या, पण नेम राहिला. दर खंडेनवमीला टाक्यांना हळदकुंकू लागायचं आणि सगळे सभासद एकाच तोंडीतून एकेक श्वास घ्यायचे. कुणाच्या गालात तंबाखू, कुणाच्या दातांना कीड, कुणाच्या हिरड्यांतून पू. शेवटच्या माणसापर्यंत ते रबर लाळेनं बुळबुळीत होऊन जायचं. रेवणसिद्धला दरवर्षी शिसारी यायची आणि दरवर्षी तो ती गिळायचा. यंदा रांगेत शेवटी त्याची लेक उभी होती. दीपाली, तेवीस वर्षांची, पाण्यात उतरणारी मंडळातली पहिली मुलगी. तिनं ते बुळबुळीत रबर न पुसता तोंडात धरलं तेव्हा टाळ्या पडल्या. बापानं मात्र टाळी वाजवली नाही.

चौथ्या दिवशी इस्लापूरहून फोन आला. सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली, पैनगंगेच्या डोहात एक माणूस बुडून तिसरा दिवस लागला होता. मन्मथनं जीप काढली. मन्मथ हा रेवणसिद्धचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. दीपालीही निघाली.

दुपारचे दोन वाजले होते, ऊन चटचटत होतं. नवरात्राचे घट डोहात सोडलेले होते. कुजलेली पिवळी रोपं, सडके हार, लिंबं आणि पिशव्या यांची साय काठाला धरली होती, तिच्यावर निळ्या माश्या घोंघावत होत्या. एका खडकावर नागाबाई बसली होती. बुडालेला हनुमंत तिचा एकुलता एक. तिनं नाकाला पदर लावला नव्हता.

कमरेला दोरी बांधून रेवणसिद्ध आणि मन्मथ उतरले. दोन माणसांच्या उंचीएवढं खाली गेल्यावर उजेड संपला. रेवणसिद्ध हातांनी चाचपत तळाशी पोचला. गाळ पीठ मळावं तसा मऊ होता. दहाएक मिनिटं झाली असतील. त्याच्या खांद्यावर दोनदा थाप पडली.

मन्मथची टाकी बिघडली असणार, असं त्याला वाटलं. त्यानं तोंडी काढून दिली. दोन श्वास झाले, चार झाले. रेवणसिद्धची छाती फुटायला आली तेव्हा कुठं ती परत त्याच्या ओठांना लागली. त्यानं आधाशासारखा श्वास ओढला.

त्या हवेला चव होती. आठ दिवस झाकून ठेवलेल्या वरणाची, आंबूस. जिभेला काहीतरी पातळ, मऊ लागलं, उकडलेल्या टोमॅटोची साल सुटावी तसं. थुंकावं तर तोंडी सुटते. त्यानं ते गिळलं.

तो वर आला आणि काठावर आतडी पिळवटून ओकला. मान वर केली तर मन्मथ कान धरून खडकावर बसलेला. अंग सुकलेलं.

"तू... कवा आलास वर?"

"उतरलो तसा आलो की. कान फुटला माझा. दोरीला झटके दिले, तुला कळलं न्हाई का?"



दीपालीनं मन्मथची टाकी पाठीला बांधली. काटा अर्ध्यावर होता, एका फेरीपुरती हवा होती. तिला थांबवायचं, एवढंच रेवणसिद्धच्या मनात होतं. पण सांगणार काय? पंचवीस वर्षं पाण्यात उतरणारा पाणबुड्या, तळाशी कुणाच्या तरी तोंडातलं उष्टं गिळून आला, हे? तिकडं नागाबाई टक लावून बघत होती.

"दीपे... खाली कुणी हवा मागितली तर..."

"तर देते की. तुम्ही येऊन राहिले का मागून?"

लाज मोठी वाईट. त्यानं मान हलवली, हो म्हणून. ती उतरली आणि हा काठावरच बसला. आतड्यांत त्राण नव्हतं, हे खरं. पण भीती त्याहून खरी होती.

वीस मिनिटांनी दोरीला तीन झटके आले. दोघांनी ओढलं. आधी हनुमंत आला, मग दीपाली. हनुमंतचं तोंड गाळानं ठासून भरलेलं होतं, वीट थापावी तसं घट्ट. तीन दिवसांत त्या तोंडातून वाराही आत-बाहेर गेला नव्हता. नागाबाई बोटांनी तो गाळ उकरत राहिली. रेवणसिद्धनं तोंड फिरवलं.

"लई वेळ धरून ठेवली की तोंडी, पप्पा," दीपाली म्हणाली. "मला वाटलं, देत न्हाई तुम्ही."

"पुसलीस का?"

"कशाला पुसू? तुमच्याच तोंडातली व्हती ना..."

तिच्या ओठाच्या कडेला पांढरट काहीतरी चिकटलं होतं. ते जिभेनं आत घेत ती जीपकडं गेली.

रेवणसिद्धनं तिची टाकी उचलली. काटा पाहिला, पुसून पुन्हा पाहिला. टाकी काठोकाठ भरलेली होती. खाली जे होतं त्यानं हवा घेतली नव्हती, आत फुंकली होती. आणि पोरगी तीच ओढत वर आली होती.

जीप निघाली तशी त्यानं मागच्या सीटवर टाकीची चावी उघडली. ती घाण रस्त्यातच सांडून जावी, एवढाच हेतू. सूं आवाज निघाला आणि तोच आंबूस वास जीपभर झाला. हिमायतनगर मागं पडलं. पाव तासात रिकामी व्हायला हवी होती टाकी.

"अजून वाजूनच राहिली का ती?" मन्मथनं नाक दाबून विचारलं.

वाजत होती, पण आता सलग नाही. सूं... मग थांबायची... मग सूं. पुढच्या सीटवर दीपाली झोपली होती. मान कलली होती आणि तिची छाती त्याच लयीत वरखाली होत होती.

किळस असह्य होऊन रेवणसिद्धनं चावी बंद केली. आवाज थांबला. दीपालीची छाती खाली गेली, ती वर आलीच नाही. ओठ उघडे. मन्मथ रस्त्याकडं बघत होता. कडेचे दगड एकामागून एक मागं गेले. ओठ जांभळे पडू लागले तसा रेवणसिद्धनं दोन्ही हातांनी चावी फिरवली.

सूं. दीपालीनं श्वास घेतला आणि कूस बदलली.

याला आता महिना झाला. दीपाली खाते, पिते, हसते, कॉलेजला जाते. तिला काही माहीत नाही. तिच्या खोलीच्या भिंतीला लागून टाकी उभी आहे आणि चावी उघडी राहावी म्हणून रेवणसिद्धनं ती तारेनं आवळली आहे. घरात वास असतो. तो रोज काटा बघायचा, काटा हलत नव्हता. परवा तो पहिल्यांदा खाली आला, बोटभर. काल आणखी बोटभर.

शहरात टाकी भरून देणारे आहेत, पण ही हवा त्यांच्याकडं मिळत नाही. आज सकाळी रेवणसिद्धनं मन्मथला फोन करून जीप मागितली. इस्लापूरला जायचंय म्हणाला. एकट्यालाच.