पहिल्या टेबलावरचं घड्याळ

"बाई, घड्याळ नाहीये."

ओस्मानी दारात उभा होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. इदाल्मिस क्वेसादाने घास तसाच ताटात ठेवला.

"कुठलं घड्याळ?"

"पहिल्या टेबलावरचं."

"आणि बाकीची?"

"जागच्या जागी आहेत. तेवढंच एक गेलंय."

इदाल्मिसने डोळे मिटले. सकाळपासून या स्पर्धेला कुणाची दृष्ट लागली होती देव जाणे. आधी वीज गेली, पंखे थांबले. पाण्याची गाडी आली नाही. ओल्गीनहून खेळाडूंना आणणारी बस वाटेत बंद पडली, म्हणून पहिली फेरी उशिरा सुरू झाली. आणि आता हे.

हिबारा गावाच्या मच्छीमार क्लबात प्रांताची झटपट बुद्धिबळ स्पर्धा व्हावी म्हणून तिने किती दारं ठोठावली होती. विजेता इथून हवानाच्या अंतिम स्पर्धेला जाणार होता. शाळेतून निवृत्त झालेली, चर्चच्या गायकवृंदात गाणारी ही बाई आयोजकही होती आणि मुख्य पंचही. मदतनीस पंच म्हणून एकटा ओस्मानी.

प्रांतिक कार्यालयाच्या प्रतिनिधी मिग्दालिया मागोमाग आल्याच.

"इदाल्मिस, तुला स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या. "सकाळी त्या पोराने त्याच घड्याळाची तक्रार केली. जेवणानंतर तपासते म्हणालीस. आता घड्याळच गायब. पुढची फेरी सुरू व्हायच्या आत उलगडा झाला नाही, तर झालेल्या सगळ्या फेऱ्या रद्द. आणि पुढच्या वर्षी स्पर्धा हिबारात नाही."

"देवाच्या मनात असेल तर उलगडेल."

"देवाच्या मनातलं मला कार्यालयात सांगता येत नाही."

इदाल्मिसने ताट बाजूला सारलं. तिने उठून ओस्मानीला सगळ्यांच्या थैल्या पाहायला लावलं.

क्लबच्या दालनात टेबलांच्या रांगा तशाच मांडलेल्या होत्या. पहिलं टेबल खिडकीशी. तिथे एवेलिओ मास्तर एकटेच बसले होते, उजवा पाय ताठ, मोहऱ्यांच्या रिकाम्या लाकडी पेटीवर ठेवलेला. साखर कारखान्यात असताना तो पाय गेल्यातच जमा झाला होता. त्यांना सारखं उठवायला नको म्हणून नियमाप्रमाणे त्यांचं टेबल आणि खुर्ची कायमची ठरवून दिली होती. पांढरे मोहरे आले तर पट फिरवायचा, माणूस फिरवायचा नाही. येणारे-जाणारे त्या पायाला वळसा घालून जात.

फळ्यावर त्यांचं नाव सगळ्यांत वर होतं. चार फेऱ्या, चार विजय. गावात सगळ्यांना नवल वाटत होतं, कारण मास्तरांची ख्याती उलटी होती. डाव जिंकत आणायचा आणि विचार करता करता वेळ संपवायची. या वेळी मात्र समोरच्यांचीच वेळ संपत होती. चारही जण वेळ संपून हरले होते. दोघे पांढऱ्यांनी, दोघे काळ्यांनी.

इदाल्मिसने आधी योस्वेलला गाठलं. चौथ्या फेरीत हरलेला, तक्रार करणारा तो हाच. अंगणात सावलीला बसून पेरू खात होता.

"माझ्या थैलीत बघून झालंय तुमच्या ओस्मानीचं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा बघायचं असेल तर बघा. एक पेरू आहे, तोही अर्धा."

"तोंड आवर. सकाळी काय झालं ते सांग."

"ते घड्याळ सैतानाचं आहे, बाई."

"सैतानाला एवढा रिकामा वेळ नसतो. नीट सांग."

"माझा एक हत्ती जास्त होता. वेळ थोडी उरली होती, पण म्हटलं, प्रत्येक खेळीला दोन सेकंद मिळतात, पटापट खेळलो तर वाढेल. मास्तरांनी घड्याळावरचा हात उचलायच्या आत मी खेळत होतो. तरी वेळ उतरतच गेली. वाढली म्हणून नाहीच. आणि मास्तर निवांत. वेळ संपली, पडली माझी झेंडी."

"तेव्हाच पंचाला का नाही बोलावलंस?"

"बोलावलं की. ओस्मानी आला. म्हणाला, आता जेवायची वेळ झाली, जेवणानंतर बघू. मग मी तुमच्याकडे आलो."

"सुट्टीत तू आत गेला होतास?"

"टोपी राहिली होती. घेतली आणि आलो. मास्तरांना म्हटलं, तुम्ही जिंकलात पण मी हरलो नाही. ते काही बोललेच नाहीत."

"मोठ्या माणसाशी असं बोलतात?"

"मोठा माणूस हत्ती कमी असताना जिंकतो तेव्हा बोलतात."

इदाल्मिसला हसू आलं असतं, पण आज हसायचंही त्राण नव्हतं. ती मागोमाग आलेल्या मिग्दालियांकडे वळली.

"तुम्ही सुट्टीत आतच होतात ना?"

"मागच्या खुर्चीत. बसच्या प्रवासाने अंग आंबलं होतं."

"झोप लागली?"

"झोपले नव्हते. डोळे मिटले होते."

"मग कानांनी काय ऐकलं?"

मिग्दालियांनी जरा आठवलं. "टक. टक. टक. कुणीतरी घड्याळ दाबत होतं, चांगला बराच वेळ. मला वाटलं, पोरं खेळतायत. पण आता तू विचारतेस म्हणून सांगते, मोहरा पटावर आपटल्याचा आवाज एकदाही आला नाही."

"त्या वेळी ओस्मानी कुठे होता?"

"आधी मोहरे लावत फिरत होता. मग बादल्या घेऊन विहिरीवर गेला. टकटक त्यानंतरची."

थैल्या पाहून झाल्यावर ओस्मानी पाण्याची उरलेली बादली आत आणून ठेवत होता.

"ओस्मानी, घड्याळ नाही हे तुला कसं कळलं?"

"विहिरीवरून आलो, पहिल्या टेबलापाशी गेलो, बघतो तर नाही."

"तिथे कशाला गेलास?"

"तपासायला."

"मी तपासते म्हटलं होतं ना?"

"तुम्ही जेवत होता, बाई. म्हटलं तेवढंच तुमचं काम हलकं होईल."

"काल संध्याकाळी पहिल्या रांगेतली घड्याळं मीच लावली. दोन्ही बाजूंना तीन मिनिटं, वर दोन-दोन सेकंद. मला पक्कं आठवतं."

"मग चुकेल कसं?" ओस्मानी म्हणाला आणि बादलीकडे बघत राहिला.

उरले मास्तर. इदाल्मिस त्यांच्यासमोर, भिंतीकडच्या खुर्चीत बसली. त्यांच्यापुढची कॉफी थंड होऊन तिच्यावर साय धरली होती. चार विजयांचा माणूस, पण चेहरा मयताहून आल्यासारखा.

"मास्तर, सुट्टीत इथे कोण आलं?"

"आले, गेले. पोरगं टोपीला आलं. ओस्मानी मोहरे लावून गेला."

"घड्याळ कधीपर्यंत होतं?"

"घड्याळाकडे बघायची मला सवय असती, पोरी, तर इतके डाव हरलो नसतो."

"या वेळी तर जिंकलात."

"हो," मास्तर म्हणाले. "असं फळ्यावर लिहिलंय."

इदाल्मिस उठली नाही. भिंतीकडच्या त्या खुर्चीतच ती बसून राहिली. हिच्यात चार जण बसले होते, चौघेही हरले होते. वैतागली की ती स्तोत्राची एखादी ओळ गुणगुणायची. आज पहिलाच शब्द ओठांवर थबकला. रविवारी तिच्या चर्चचे पाद्री अर्धं प्रवचन गाऊन सांगत आणि मध्येच थांबून विचारत, पाप कुणी केलं ते सगळेच विचारतात, पण ते झाकलं कुणी?

तिने बाकीच्या तिघांना आत बोलावलं आणि दार लोटलं.

"घड्याळ बिघडलेलं नव्हतं," ती म्हणाली. "ते बदललेलं होतं. आपल्या घड्याळात दोन्ही बाजूंची वेळ वेगवेगळी लावता येते. खिडकीकडच्या बाजूला दर खेळीला दोन सेकंद मिळत होते. भिंतीकडच्या बाजूला काहीच नाही. योस्वेलची वेळ म्हणूनच वाढली नाही."

"पण रंग तर बदलत होते," मिग्दालिया म्हणाल्या.

"रंग बदलले. बाजू बदलली नाही. इतर टेबलांवर माणूस जागा बदलतो, तिथे ही चलाखी कुणाच्याच कामाची नाही. या एका टेबलावर पट फिरतो. सकाळपासून खिडकीकडे मास्तरच आहेत."

योस्वेल ताडकन म्हणाला, "म्हणजे मास्तरांनीच—"

"थांब. मास्तरांनी आयुष्यात असलं घड्याळ लावलेलं नाही. इथे ते लावता येतं तिघांना. मी, मिग्दालिया आणि ओस्मानी. मिग्दालिया मागच्या बसने आल्या, तेव्हा पहिली फेरी सुरू झालेली होती. मी लावलं ते बरोबर लावलं, आणि तक्रारीनंतर मी स्वतः तपासणार होते. मला घड्याळ पळवायची गरज काय?"

ओस्मानीने मान खाली घातली.

"पण मी अडले ती इथे," ती पुढे म्हणाली. "ओस्मानी, तुला ते चोरायचीही गरज नव्हती. अर्ध्या मिनिटात तू ते पूर्ववत केलं असतंस आणि कुणाला पत्ता लागला नसता. म्हणून तर तक्रार जेवणानंतर बघू म्हणालास, म्हणून तर माझ्याआधी पहिल्या टेबलाशी धावलास. आणि घड्याळ नाही म्हटल्यावर सगळ्यांत जास्त घाबरलास तो तूच. म्हणजे बदलणारा एक आणि लपवणारा दुसरा. लपवणाऱ्याला घड्याळात खोट आहे हे कळलं होतं, पण ती काढता येत नव्हती. म्हणून तो एकटाच बसून दोन्ही बाजू दाबत राहिला. टक, टक. इकडची वाढते, तिकडची वाढत नाही."

ती मास्तरांकडे वळली.

"सगळ्यांच्या थैल्या पाहिल्या," इदाल्मिस हळू आवाजात म्हणाली. "एकाच माणसाला कुणी हलायला लावलं नाही. मास्तर, पाय खाली घ्या."

एवेलिओंनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवला. योस्वेलने पेटीचं झाकण काढलं. घड्याळ आत होतं.

"या पोराचं पंचपद जाईल म्हणून ठेवलं," मास्तर म्हणाले. "दुसरं काय करणार होतो? सकाळी घड्याळ आणून ठेवलं ते यानेच. त्याला मी घोडा कसा चालतो ते शिकवलंय."

ओस्मानीने मान वर केली नाही. "मागच्या वर्षी तुम्ही जिंकत आणलेले तीन डाव वेळ संपून हरलात. घरी जाताना एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, दोन सेकंदांनी कुणाचं काय जातं."

"माझं गेलं, ओस्मानी. सकाळभर मला वाटत होतं, हात परत चालायला लागला. घरी बायकोला निरोप धाडला मी, की देवाने ऐकलं म्हणून."

ओस्मानी भिंतीला टेकला आणि तोंडावर हात धरून उभा राहिला.

इदाल्मिसला त्याच्यावर ओरडायचं होतं. तीन दिवस त्याच्याबरोबर टेबलं वाहिली होती, त्याच्याच भरवशावर हा डोलारा उभा होता. पण ती ओरडली नाही.

"पंचाचा बिल्ला काढून दे आणि बाहेर थांब. मिग्दालिया, त्या टेबलावरचे चार डाव रद्द. बाकीच्या टेबलांशी या घड्याळाचा संबंध नाही. चारही डाव आत्ता, सगळ्यांसमोर, परत होतील. घड्याळ मी लावीन, तुम्ही तपासा. सगळ्यांना कारणही मीच सांगेन, लपवणार काही नाही. चालेल?"

मिग्दालियांनी ओस्मानीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "कारण सगळं सांगणार असशील तर चालेल. आणि पुढच्या वर्षीचं म्हणशील, तर ते आजचा दिवस कसा सरतो त्यावर."

"मास्तर, खेळाल?"

"बसलोच आहे."

सुट्टी लांबली. लोक कुरकुरत टेबलाभोवती जमले. इदाल्मिसने मोठ्या आवाजात, एकही गोष्ट न वगळता, सगळं सांगितलं. वीज नव्हती, त्यामुळे माइकही नव्हता. शेवटी घसा बसला. पंचाचं काम आता तिलाच एकटीला बघायचं होतं, सगळ्या टेबलांचं, संध्याकाळपर्यंत.

पहिला योस्वेल बसला. या वेळी त्याने आधी टोपी काढली. एवेलिओ सुरुवातीला झपाझप खेळले, मग त्यांना काहीतरी दिसलं आणि ते विचारात पडले. खूप सुंदर काहीतरी दिसलं असावं. दोन खेळ्यांत मात होती, ती मागे उभ्या असलेल्यांनाही दिसली. मास्तरांनी वजीर उचलला, आणि घड्याळावर त्यांच्या बाजूला वेळ संपल्याची झेंडी आली.

योस्वेल पटाकडे बघत राहिला. "मास्तर, मात होती."

"होती." एवेलिओंनी त्याच्याशी हात मिळवला आणि तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. "हे मात्र मी हरलो, पोरा. मीच."

मग त्यांनी थंड कॉफी एका घोटात संपवली आणि गर्दीकडे पाहिलं.

"पुढचा कोण? या, बसा."